टाकीला नको, माशाला खायला घाला

काचेजवळ कुणी आलं की टाकीतले मासे पुढे गर्दी करतात, तोंडं उघडमीट करतात, शेपट्या हलवतात. "बिचारे उपाशी आहेत," म्हणत हात डब्याकडे जातो. घरातली चार माणसं दिवसभरात चार वेळा तिथून गेली तर डबाही चार वेळा उघडतो, आणि प्रत्येकाला वाटतं की आज आपणच काय ते खायला घातलं. त्या माशांना भूक लागलेलीच असते असं नाही. माणूस दिसला की वरून काहीतरी पडतं, एवढं त्यांना पाठ झालेलं असतं. निसर्गात पुढचा घास कधी मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून समोर आलेलं गिळून टाकायचं हा त्यांचा स्वभाव. त्या धावपळीवरून भूक मोजायला गेलात तर रोज फसाल.

माशांच्या खाण्याबद्दल मी एकच प्रश्न आधी विचारतो: टाकलेलं कुणाच्या तोंडात गेलं? कुठल्या कंपनीचं, किती प्रथिनांचं, दिवसातून किती वेळा, हे सगळं त्यानंतर. जो दाणा तोंडात गेला नाही तो टाकीला खायला घातला असं समजा. टाकी त्याचं काय करते ते पुढे हिशोबासकट येईलच.

## आधी तोंड बघा, मग पोट

नवा मासा घरात आला की टाकीसमोर खुर्ची टाकून बसा आणि त्याचं तोंड कुठल्या बाजूला उघडतं ते बघा. गप्पी, हॅचेटफिश, किलीफिश यांचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं आणि पाठ बऱ्यापैकी सपाट असते. हे पाण्याच्या पृष्ठभागावरचं टिपणारे. टेट्रा, बार्ब, एंजल यांचं तोंड अगदी समोर असतं. वरून हळूहळू बुडत येणारा कण मधल्या मध्ये पकडणं यांना सोपं जातं. कोरिडोरास, लोच आणि सकर यांचं तोंड खालच्या बाजूला असतं, आणि कोरिडोरास-लोचना वाळूत चाचपायला मिशाही असतात. एवढ्या निरीक्षणावरून तरंगणारं, सावकाश बुडणारं आणि थेट तळाला जाणारं, यातलं कुठलं खाणं आणायचं ते ठरतं.

तोंडाचा आकारही बघा. मासे चावून तुकडे करत बसत नाहीत. दाणा तोंडात मावला तर गिळतात, नाही मावला तर थुंकतात, पुन्हा घेतात, पुन्हा थुंकतात, आणि त्या खटाटोपात निम्मा दाणा पाण्यात विरघळतो. निऑन टेट्रासमोर ३ मिलिमीटरची गोळी टाकणं म्हणजे तुमच्या ताटात अख्खा भोपळा ठेवण्यासारखं आहे.

पोट बाहेरून दिसत नाही, पण नियम साधा आहे. मांस खाणाऱ्या माशांचं आतडं आखूड असतं, शेवाळ आणि वनस्पती खाणाऱ्यांचं लांबलचक, वेटोळं घातलेलं. लांब आतड्याला तंतुमय, हलकं खाणं सतत थोडं थोडं लागतं. मलावी सरोवरातल्या 'मबुना' सिक्लिडांचं बरंचसं खाणं खडकांवरच्या शेवाळातून येतं. त्यांना रोज ब्लडवर्म (लाल रंगाच्या बारीक अळ्या) चारले की पोट फुगण्याची तक्रार सुरू होते, म्हणून मबुना पाळणारी मुरलेली मंडळी स्पिरुलिनाचं (एका निळसर-हिरव्या शेवाळाचं) प्रमाण जास्त असलेले दाणे वापरतात.

गोल्डफिशची गोष्ट आणखी वेगळी. गोल्डफिश आणि त्याच्या कार्प कुळातले बार्ब, डॅनिओ, रासबोरा यांना जठरच नसतं. घशातल्या दातांनी भरडलेलं अन्न सरळ आतड्यात जातं. साठवायला कोठारच नसल्यामुळे एकदम भरपूर खाल्लेलं नीट न पचता मागून बाहेर पडतं. या माशांना दिवसातून एकदा मूठभर देण्यापेक्षा तेच खाणं दोन-तीन वेळांत विभागून दिलं तर त्यांच्या अंगी लागतं आणि पाणीही कमी घाण होतं.

## डबा विकत घेताना

पुढच्या बाजूचं चमकदार चित्र सोडा, डबा उलटा करा. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त ते आधी लिहिण्याची पद्धत आहे. पहिल्या दोन-तीन नावांत मासळी, कोळंबी, क्रिल किंवा कीटक असतील तर बरं. गव्हाचं पीठ, सोयाबीन, मका हेच आधी आले असतील तर तुम्ही पिठाच्या गोळ्या विकत घेताय. थोडं पीठ लागतंच, त्याशिवाय दाणा बांधला जात नाही. पण मांसाहारी माशांना पिठूळ अन्नातून ऊर्जा काढणं फारसं जमत नाही, ते मुख्यतः प्रथिनं आणि चरबीवर चालतात.

प्रथिनांचे आकडे असे धरा: बेटा (म्हणजे फायटर), ऑस्कर, डिस्कस अशा मांसाहारी माशांना ४० ते ५० टक्के, मिश्राहारी टेट्रा-बार्ब-गप्पींना ३५ ते ४०, शेवाळ खाणाऱ्यांना ३० ते ३५. हे आकडे कोरड्या खाण्याचे आहेत. गोठवलेल्या ब्लडवर्मच्या पाकिटावर ५-६ टक्के प्रथिनं दिसली म्हणून ते निकृष्ट ठरत नाही, कारण त्याचा बहुतेक भाग पाणीच असतो. या दोन आकड्यांची तुलना करून गोंधळलेले बरेच जण मी पाहिलेत.

'रंग खुलवणारं' खाणं ही निव्वळ जाहिरात नाही. लाल-केशरी रंगासाठी लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्यं मासा स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. क्रिल, कोळंबी, स्पिरुलिना यांत ती असतात. मात्र जो रंग त्या माशाच्या जातीतच नाही तो कुठलाही डबा आणून देणार नाही.

आणि लहान डबा घ्या. मोठा स्वस्त पडतो हे खरं, पण डबा उघडल्यापासून हवा, उजेड आणि उष्णता त्यातलं क जीवनसत्त्व खात बसतात. बहुतेक माशांना हे जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही, आणि त्याची दीर्घकाळ कमतरता राहिली तर वाढत्या माशांचा कणा वाकतो. चरबी खवट होते ती वेगळीच. उघडलेला डबा तीन-चार महिन्यांत, फार तर सहा महिन्यांत संपला पाहिजे. उघडल्याची तारीख मार्करने झाकणावर लिहा. मोठं पाकीट घेतलंच असेल तर महिन्यापुरतं छोट्या डबीत काढा, उरलेलं हवाबंद करून फ्रीझरमध्ये टाका. ओली बोटं डब्यात घालू नका. टाकीच्या झाकणावर दिव्याच्या उबेत डबा ठेवायची सवय सगळ्यांनाच असते, ती मोडा. बुरशीचा वास आला किंवा दाण्यांचे गठ्ठे झाले तर डबा कचऱ्यात, त्यात काटकसर नको.

## किती? आधी हा हिशोब बघा

"दोन मिनिटांत संपेल एवढं टाका" हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो वाईट नाही, पण अपुरा आहे. पाच टायगर बार्ब दोन मिनिटांत त्यांच्या गरजेच्या चौपट खाऊन मोकळे होतात, आणि त्याच दोन मिनिटांत लाजरा कुहली लोच दगडाखालून बाहेरही येत नाही.

वजनाने बघू. पूर्ण वाढलेल्या माशाला दिवसाला स्वतःच्या वजनाच्या १ ते २ टक्के कोरडं खाणं पुरतं. निऑन टेट्रा अर्ध्या ग्रॅमचाही नसतो. असे दहा मासे मिळून ५ ग्रॅमच्या आतच. त्याचे २ टक्के म्हणजे ०.१ ग्रॅम, एका ग्रॅमचा दहावा हिस्सा! बहुतेक घरांत याच दहा माशांसाठी जी चिमूट पडते ती याच्या कितीतरी पट असते.

आता जास्तीचं कुठे जातं? समजा खाण्यात ४० टक्के प्रथिनं आहेत. १ ग्रॅम खाण्यात ०.४ ग्रॅम प्रथिनं झाली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. हे १ ग्रॅम खाणं १०० लिटरच्या टाकीत न खाल्लं जाता पूर्ण कुजलं, तर लिटरमागे ०.६४ मिलिग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. नव्या, न मुरलेल्या टाकीत एवढ्याने मासे कासावीस होतात. फिल्टर मुरलेला असेल तर त्यातले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्याचा हिशोब लिटरमागे जवळपास ३ मिलिग्रॅम नायट्रेट असा बसतो. रोज १ ग्रॅम जास्त पडलं तर आठवड्याला २० मिलिग्रॅम वाढले. टाकीत शेवाळ का माजतं, दर आठवड्याला पाणी बदलूनही नायट्रेट का उतरत नाही, याचं उत्तर पुष्कळदा त्या डब्यात असतं. माशाने खाल्लं तरी नायट्रोजनचा मोठा वाटा कल्ल्यांमधून अमोनिया होऊन बाहेर येतोच, पण निदान काही भाग त्याच्या अंगी लागलेला असतो.

दिवसाला आपण किती टाकतो हे कळायला एक सोपी युक्ती आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला डबा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि वजन लिहून ठेवा. ३० दिवसांनी पुन्हा ठेवा. फरकाला ३० ने भागा. आकडा बघून दचकला नाहीत तर तुम्ही शिस्तीचे.

पहिले दोन आठवडे दाणे मोजून टाका. गोळ्या मोजता येतात, फ्लेक्स (पातळ पापुद्रे) येत नाहीत, हेही गोळ्यांच्या बाजूचं एक कारण. एकदा हाताला अंदाज आला की मोजायची गरज उरत नाही. बेटाचं माप तर ठरलेलंच ठेवा: सकाळी दोन-तीन छोटे दाणे, संध्याकाळी दोन-तीन. तो आणखी मागेल, फुलून दाखवेल. द्यायचं नाही.

मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस उपास ठेवला तरी चालतो. मी ठेवतो. त्याने आतडी साफ होतात की नाही यावर वाद घालण्यात मला रस नाही. त्या दिवशी तळात उरलेलं वेचून खाल्लं जातं, एवढा फायदा मला दिसतो. पिल्लांना उपास नको.

## पाणी थंड, तर भूक मंद

माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर वरखाली होतं, आणि त्याबरोबर पचनही. २९-३० अंश सेल्सिअसला राहणारा डिस्कस दिवसातून तीन-चार वेळा खाऊन पचवतो. बाहेरच्या हौदातला गोल्डफिश पाणी १५ अंशांच्या खाली गेलं की सुस्तावतो, आणि १० अंशांच्या खाली त्याला खाणं द्यायचंच नाही. दिलेलं पोटात पडून राहतं. हीटर बिघडून पाणी गार झालं असेल तर आधी तापमान सावकाश पूर्ववत करा, मग डब्याला हात लावा.

वीज गेली असेल तेव्हाही खाणं टाकू नका. खाल्ल्यावर पचनासाठी माशाला जास्त ऑक्सिजन लागतो, आणि नेमका तेव्हाच पंप बंद असतो. नवा मासा आणला तर पहिला दिवस त्याला तसाच राहू द्या. प्रवासाने भांबावलेला मासा खात नाही, आणि न खाल्लेलं नव्या पाण्यात सडतं.

## टाकायची पद्धत

सकाळी दिवा लावल्या लावल्या टाकू नका, मासे जागे होऊन रंगात यायला अर्धा तास द्या. खाणं एकाच कोपऱ्यात टाकलं तर दांडगे मासे तिथे ठाण मांडतात आणि बाकीचे बघत राहतात. मी आधी थोडं डाव्या टोकाला टाकतो, सगळी फौज तिकडे धावली की उजव्या टोकाला बाकीचं. लाजरे मासे तेवढ्यात खाऊन घेतात.

फ्लेक्स पृष्ठभागावर पसरून जातात आणि फिल्टरच्या प्रवाहात अडकतात. त्यासाठी पाण्यावर तरंगणारं रिंगण मिळतं, त्यात टाकले की एका जागी राहतात. फुगीर अंगाच्या गोल्डफिशना वरचं खाताना तोंडात हवाही जाते, आणि मग ते कलंडून पोहतात. त्यांना बुडणारे दाणे द्या. दाणे पाच मिनिटं टाकीच्याच पाण्यात भिजवले तर मऊ होतात, पण फार वेळ भिजवत ठेवू नका, जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात.

खाताना प्रवाह थांबावा म्हणून बरेच जण फिल्टर बंद करतात. मीही करायचो. एका रात्री बंद केलेला फिल्टर सुरू करायला विसरलो आणि सकाळी उठून बघतो तर सगळे मासे पृष्ठभागावर हवा गिळत होते. फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना वाहतं, ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं, ते थांबलं की तेही मरायला लागतात. तेव्हापासून मी फिल्टरला हात लावत नाही. तुम्हाला बंद करायचाच असेल तर मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावून मगच बटण दाबा.

खाऊन झाल्यावर पाच मिनिटांनी तळाकडे बघा. काही पडलेलं दिसलं तर नळीने किंवा मोठ्या ड्रॉपरने ओढून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी तेवढं कमी टाका. ज्या दिवशी तळ कोरा दिसेल त्या दिवशी माप बरोबर आलं.

## तळातल्या माशांची परवड

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण खच्चून भरलेल्या डब्याशेजारी जे मासे उपाशी मरतात ते हे.

'टाकी साफ ठेवणारा मासा' म्हणून सकर विकला जातो, आणि कोरिडोरास 'उरलंसुरलं खातो' म्हणून. दोन्ही अर्धसत्यं. कुठलाही मासा दुसऱ्याची विष्ठा खाऊन जगत नाही. वरच्या माशांना माप बरोबर दिलं असेल तर तळाला उरतंच काय? आणि उरत असेल तर तुमचं माप चुकतंय. दोन्हीकडून मरण त्या तळातल्याचंच.

माझ्याकडे सहा कोरिडोरास होते. वरचे टेट्रा टपोरे, रंगीत, आणि हे सतत वाळू उकरताना दिसायचे, म्हणून मी समजायचो की खातायत. एकदा एक जण काचेला चिकटून विसावला तेव्हा त्याचं पोट खालून दिसलं. ते आत गेलेलं होतं, चमच्यासारखं खोल. उकरणं म्हणजे खाणं नव्हे, शोधणं. त्या दिवसापासून दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने तळाला जाणाऱ्या गोळ्या टाकायला लागलो. अंधारात टेट्रा मंदावतात, कोरिडोरास मात्र मिशांनी चाचपत बरोबर पोचतात. महिनाभरात पोटं भरली.

कोरिडोरासना प्रामुख्याने मांसाहार लागतो: बुडणारे कोळंबीचे दाणे, गोठवलेले ब्लडवर्म, डाफ्निया (पाण्यातले पिसूएवढे कवचवाले जीव). शेवाळाची वडी त्यांच्यासाठी नव्हे. तळाला वाळू असेल तर त्यांना ती तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडत चाळता येते. अणकुचीदार खडीत अन्न फटींत जातं आणि मिशाही दुखावतात.

सकरचं उलट. ब्रिसलनोज सकरला शेवाळाच्या वड्या आणि भाज्या द्या, आणि टाकीत लाकडाचा एखादा ओंडका ठेवा, तो खरवडत बसतो. साधा सकर लहानपणी काच चाटतो, पण पुढे ३० सेंटिमीटरच्याही वर वाढतो, शेवाळातला त्याचा रस कमी होतो आणि काही सकर तर शेजाऱ्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटायला लागतात. छोटे ऑटोसिंक्लस त्याहून नाजूक. दुकानात ते बहुतेकदा उपाशीच असतात, आणि दगड-पानांवर जुना हिरवा थर चढलेला नसेल तर नव्या कोऱ्या टाकीत तग धरत नाहीत. टाकी चार-सहा महिने जुनी झाल्याशिवाय ते आणूच नका.

## भाज्या

काकडीची चकती, सोललेला आणि उकडलेला मटार, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढलेलं पालकाचं पान. एवढ्यावर काम भागतं. मीठ-मसाला अर्थातच नाही. भाजी नीट धुवा, फवारणीची शंका असेल तर साल काढा. तरंगू नये म्हणून स्टीलच्या काट्यात टोचून बुडवा. रात्री टाकलेली चकती सकाळी बाहेर काढा, राहिली की पाणी गढूळ करते.

बद्धकोष्ठ झालेल्या गोल्डफिशला मटार देतात ते ठीक. बेटाला मात्र मटार देऊ नका. तो कीटक खाणारा मासा, त्याला ते पचत नाही. त्याचं पोट फुगलं असेल तर एक-दोन दिवस उपास, मग थोडे डाफ्निया. त्यांचं कवच न पचणारं, तेच आतड्यातून मार्ग मोकळा करतं.

## गोठवलेलं, वाळवलेलं, जिवंत

नुसत्या कोरड्या दाण्यांवर मासे वर्षानुवर्षं जगतात. पण आठवड्यातून दोनदा गोठवलेलं खाणं दिलं तर फरक रंगात आणि चपळाईत दिसतो. ब्लडवर्म, ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) आणि डाफ्निया आलटून पालटून द्या. ब्लडवर्म मिठाईसारखे, सगळ्यांना आवडतात म्हणून रोज नकोत. वडी टाकीच्या थोड्या पाण्यात वाटीत वितळवा, बारीक गाळणीतून गाळा, गाळलेलं पाणी फेका. एकदा वितळलेलं परत गोठवू नका. वाळवलेले ब्लडवर्म हाताळताना काही माणसांना शिंका, डोळ्यांची चुरचुर, अंगावर पुरळ असा त्रास होतो. ज्यांना होतो त्यांनी चिमट्याने टाकावेत.

जिवंत ट्युबिफेक्स मी देत नाही. ते घाणेरड्या पाण्याच्या गाळात वाढतात आणि बरोबर काय आणतील सांगता येत नाही. ट्राउट-सामन माशांच्या 'व्हर्लिंग' रोगाचा परजीवी तर आयुष्याचा एक टप्पा याच किड्याच्या शरीरात काढतो. आपल्या टाकीतल्या माशांना तो रोग होत नाही, पण या किड्यात काय काय मुक्काम करतं ते यावरून कळावं. डबक्यातून गाळून आणलेल्या किड्यांबरोबर जळवा, हायड्रा, चतुराच्या अळ्या येतात. डासांच्या अळ्या माशांना फार प्रिय, पण मिनिटभरात संपतील एवढ्याच टाका, नाहीतर घरात डास सोडल्याचं श्रेय तुमचं.

जिवंत खाण्यातलं सगळ्यात भरवशाचं म्हणजे घरी फोडलेले ब्राइन श्रिंप. कृती अशी:

१. दोन लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा तळ कापा, बूच घट्ट लावून बाटली उलटी उभी करा.

२. त्यात एक लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घाला. पाणी थोडं अल्कधर्मी असलं की अंडी चांगली फुटतात.

३. पाव ते अर्धा चमचा अंडी टाका. हवेची नळी पार बुडापर्यंत सोडा आणि अंडी सतत घुसळत राहतील एवढे बुडबुडे ठेवा.

४. तापमान २६ ते २८ अंश, वर दिवा सुरू. साधारण २४ तासांत पाणी केशरी दिसायला लागतं. गारठ्यात ३६ तासही लागतात.

५. हवा बंद करा, दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी बुडाला बसतात, पिल्लं मधल्या भागात. खालच्या बाजूला टॉर्च धरला की पिल्लं उजेडाकडे गोळा होतात.

६. बारीक नळीने फक्त केशरी ढग ओढून घ्या, दाट विणीच्या कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच खायला घाला.

'लगेच' याला कारण आहे. जन्मलेल्या पिल्लांच्या पोटात पिवळा बलक असतो, खरं पोषण तेच. ती जसजशी पोहतात तसा बलक संपत जातो, आणि दिवसभरात त्यांचं पोषणमूल्य बरंच घटतं. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, छोट्या माशांच्या आतड्यात अडकतात.

## पिल्लं

गप्पी-मॉलीची पिल्लं जन्मतःच पोहतात आणि त्याच दिवसापासून खातात. फ्लेक्स दोन बोटांत चुरून पीठ करून दिलं तरी चालतं, वर लिहिलेले ब्राइन श्रिंप दिले तर झपाट्याने वाढतात. अंडी घालणाऱ्या माशांच्या पिल्लांना मात्र सुरुवातीला पोटावरच्या बलकावर जगायचं असतं. ती आडवी पोहायला लागेपर्यंत काहीही टाकू नका.

बेटा आणि गुरामीची पिल्लं इतकी बारीक की त्यांना पहिले काही दिवस ब्राइन श्रिंपही मोठे पडतात. त्यांच्यासाठी सूक्ष्मजीव वाढवावे लागतात. काचेच्या बरणीत टाकीचं जुनं पाणी घ्या, त्यात लेट्यूसचं उकडलेलं पान टाका, उजेडात पण थेट उन्हात नाही अशी ठेवा. दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ होतं, मग हळूहळू निवळतं. निवळलं की त्यातले थेंब द्यायचे. बरणी पिल्लं होण्याआधीच लावून ठेवा, अंडी फुटल्यावर धावपळ करून उपयोग नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक देण्याचा जुना उपाय आहे, पण थोडा जास्त झाला की एका रात्रीत पाणी नासतं. मी त्याच्या वाटेला जात नाही.

पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं लागतं, आणि म्हणूनच त्यांचं पाणीही जास्त वेळा बदलावं लागतं.

## काय देऊ नये

पाव, बिस्किट, शिजलेला भात, पोळीचे तुकडे: पोटात फुगतात, पाण्यात आंबतात. कोंबडी-मटणाची चरबी माशाला नीट पचत नाही आणि यकृतावर साचते, ऑस्करला आवडतं म्हणून ते योग्य ठरत नाही. ऑस्करला छोटे गोल्डफिश जिवंत खायला घालणं तर तमाशापलीकडे काही नाही. गोल्डफिशच्या मांसात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं थायमिनेज असतं, वर त्यांच्याबरोबर रोगही येतात. ऑस्करला मोठ्या गोळ्या, सोललेली कोळंबी, गांडूळ द्या. पफर माशाचे दात मात्र आयुष्यभर वाढत राहतात, त्याला कवचासकट गोगलगायी हव्यातच, नाहीतर तोंडच बंद होतं.

## खाणं बरोबर चाललंय का?

दररोज एक मिनिट फक्त पोटं बघा. वरून बघितलं तर डोक्यापेक्षा अंग बारीक आणि पाठीची कड धारदार दिसणारा मासा उपाशी आहे, किंवा त्याच्या आतड्यात जंत आहेत. खाऊनही वाळत असेल तर दुसरी शक्यता धरा. विष्ठा खाण्याच्या रंगाची आणि आखूड तुटणारी असावी, पांढरी, पारदर्शक दोऱ्यासारखी सतत दिसली तर पोटात काहीतरी बिघडलंय. पोट जेवणानंतर थोडं गोल होणं ठीक, दुसऱ्या सकाळीही तसंच टणटणीत असेल तर त्या दिवशी डबा बंद. आणि खवले अननसासारखे उभे राहिले असतील तर प्रश्न खाण्याचा उरलेला नाही, त्या माशाला लगेच वेगळं काढा आणि पाणी तपासा.

## गावाला जाताना

धडधाकट, वाढलेले मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. दोन-तीन दिवसांसाठी काहीच व्यवस्था करू नका. पांढऱ्या वड्या मिळतात, टाकीत सोडल्या की आठवडाभर विरघळत राहतात. त्या माशांपेक्षा पाण्यालाच जास्त पोसतात. दहा दिवसांपेक्षा जास्त जाणार असाल तर आपोआप दाणे टाकणारं यंत्र लावा, पण निघायच्या आठ दिवस आधी लावा आणि तुमच्या डोळ्यांदेखत चालू द्या. दमट हवेने दाणे आत चिकटून बसतात किंवा एकदम सगळे पडतात, हे तुम्ही घरी असतानाच कळलेलं बरं.

शेजाऱ्यांवर सोपवायचं असेल तर डबा त्यांच्या हाती देऊ नका. चांगल्या मनाचा शेजारी रोज चिमूटभर जास्तच टाकणार. कागदाच्या छोट्या पुड्या बांधा, प्रत्येक पुडीवर तारीख लिहा, एका दिवसाआड एक पुडी. डबा कपाटात कुलूपबंद. परत आलात की मासे नेहमीपेक्षा जास्त जोरात काचेकडे झेपावतील. त्या दिवशी नेहमीच्या निम्मंच टाका, आणि त्याआधी पाण्याचा एक चतुर्थांश भाग बदला.